अपूर्णांकाच्या फंक्शनचा इन्व्हर्स: एका गणिताची चार उत्तरं आली, बरोबर कोणतं?

टेलरताई_मानेवाडा (रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मुलगा यंदा अकरावी सायन्सला गेला. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता एकदम सगळं इंग्रजीत. गणित त्याचं चांगलं आहे, पण पुस्तकातला शब्द कळेपर्यंत वर्गात पुढचं उदाहरण सुरू झालेलं असतं. ट्यूशनमध्ये सव्वाशे मुलं बसतात, तिथे हात वर करायला तो लाजतो. म्हणून रात्री माझी मशीन थांबली की आम्ही दोघं कटिंगच्या टेबलावर बसतो आणि कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या मागे गणितं सोडवतो. मला दहावीला गणितात १५० पैकी १२१ होते. पुढे शिकता आलं नाही, पण गणिताची आवड गेलेली नाही.

आता प्रश्न. माझ्या मोबाइलवर मराठीच कीबोर्ड आहे, म्हणून एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य आणि फंक्शनसाठी फ लिहिते.

फ(क्ष) = (२/३)क्ष − ५/४

याचा इन्व्हर्स काढायचा आहे, म्हणजे आलेल्या उत्तरावरून मूळ क्ष परत देणारं फंक्शन. पुस्तकात तो फ च्या डोक्यावर −१ लिहून दाखवतात. घरात चार उत्तरं तयार झाली.

मुलाचं उत्तर: (क्ष + १५)/८
माझं उत्तर: (१२क्ष + १५)/८
गाईडमधलं उत्तर: (३/२)क्ष + १५/८
माझ्या धाकट्या दिरांचं उत्तर: १२/(८क्ष − १५). ते म्हणतात, फ च्या डोक्यावर उणे एक आहे ना, मग सरळ उलटं करायचं, वरचं खाली आणि खालचं वर.

मुलाने असं केलं: य = (२/३)क्ष − ५/४ लिहिलं, मग क्ष आणि य ची अदलाबदल केली, म्हणजे क्ष = (२/३)य − ५/४. तीन आणि चारचा लसावि १२, म्हणून १२ ने गुणून छेद घालवले. क्ष = ८य − १५. म्हणून य = (क्ष + १५)/८.

मी पण तसंच केलं, पण माझ्याकडे १२क्ष आलं आणि त्याच्याकडे नुसतं क्ष. तो म्हणतो, डावीकडे छेदच नाही तर १२ ने गुणायचं काहून? मला वाटतं गुणायला पाहिजे, पण का ते त्याला पटेल असं सांगता येऊन नाही राहिलं. आणि गाईडचं उत्तर तर आमच्या दोघांपैकी कोणाशीच जुळत नाही.

अजून एक. ही क्ष आणि य ची अदलाबदल का करायची? ट्यूशनमध्ये नुसतं सांगितलं की करायची. मुलाने मला विचारलं आणि मी गप्प बसले, ते मला फार लागलं. कोणी नीट समजावून सांगेल का? नवरात्रीच्या ऑर्डरी चालू आहेत, उत्तर द्यायला मला उशीर झाला तर राग मानू नका.

---

बजाजनगर_रूम_१४ (रात्री ११:३८)

काकू, तुमचं उत्तर बरोबर आहे आणि गाईडचंही. दोन्ही एकच आहेत. (१२क्ष + १५)/८ मध्ये दोन्ही पदांना वेगवेगळं ८ ने भागा: १२/८ म्हणजे ३/२, आणि १५/८ तसंच राहतं. झालं गाईडचं उत्तर.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही सूत्रच लक्षात ठेवतो: फ(क्ष) = अ × क्ष + ब असेल तर इन्व्हर्स (क्ष − ब)/अ. इथे अ = २/३ आणि ब = −५/४.

मोबाइलवर जिओजेब्रा टाकून घ्या, फुकट आहे. त्यात मूळ फंक्शन, तुमचं उत्तर आणि य = क्ष अशा तीन रेषा काढा. य = क्ष ही रेषा आरसा धरली तर पहिल्या दोन रेषा एकमेकींचं प्रतिबिंब दिसतील. तिन्ही रेषा एकाच बिंदूत भेटतात, क्ष = −१५/४ ला. मुलाच्या उत्तराची रेषा काढून पाहा, ती त्या बिंदूतून जाणारच नाही.

---

निवृत्त_मास्तर_महाल (सकाळी ६:२५)

ताई, मी ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीच वर्षं आठवी ते दहावी. तुमच्या मुलाने केलेली चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की ती नेमकी कुठल्या ओळीत सापडेल ते मी डोळे मिटून सांगेन. चूक तुमच्या मुलाची एकट्याची नाही. 'छेद घालवणे' हा शब्दप्रयोगच मुलांना फसवतो. छेद घालवायचा आहे असं म्हटलं की मूल जिथे छेद दिसतो तिथेच जातं. क्ष च्या खाली काही दिसत नाही, म्हणून तिथे काही करायचं नाही असं त्याला वाटतं.

त्याला ती ओळ पुन्हा लिहायला लावा, पण अशी:

क्ष/१ = २य/३ − ५/४

छेद दिसत नसला तरी असतो, तो १ असतो. आता तीन छेद आहेत: १, ३ आणि ४. लसावि १२. पहिल्या पदाला १२ ने गुणलं की १२क्ष, दुसऱ्याला गुणलं की ८य, तिसऱ्याला गुणलं की १५. समीकरण हा तराजू आहे. उजवं पारडं बारापट केलं आणि डावं तसंच ठेवलं तर काटा मध्ये राहणार नाही. पहिले पंधरा दिवस त्याला प्रत्येक सुट्या पदाखाली १ लिहायला सांगा. नंतर आपोआप सुटेल.

आता चारही उत्तरांची परीक्षा घेऊ. इन्व्हर्सचं काम काय? फ ने जे केलं ते परत फिरवणं. तर फ मध्ये सोपी संख्या टाका. ३ टाकू, म्हणजे खालचा ३ कटतो. दोन-तृतीयांश गुणिले ३ म्हणजे २, त्यातून ५/४ वजा, उरले ३/४. म्हणजे ३ आत गेले आणि ३/४ बाहेर आले. आता जो खरा इन्व्हर्स असेल त्यात ३/४ टाकले की ३ परत आले पाहिजेत.

तुमचं उत्तर: १२ × ३/४ = ९, अधिक १५ = २४, भागिले ८ = ३. आलं.
मुलाचं: ३/४ अधिक १५ म्हणजे ६३/४, भागिले ८ म्हणजे ६३/३२. दोनच्याही आत. नाही आलं.
तुमच्या दिरांचं: ८ × ३/४ = ६, उणे १५ = −९. १२ भागिले −९ म्हणजे −४/३. नाही आलं.

ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. गाईड उघडायच्या आधी मुलाने ती घेतली पाहिजे. गाईडमध्ये उत्तर वेगळ्या रूपात दिलेलं असू शकतं, छापताना चूकही झालेली असू शकते. परत आलेले ३ मात्र खोटं बोलत नाहीत.

तुमच्या दिरांचा घोळ समजण्यासारखा आहे, कारण चिन्ह खरंच तेच आहे. संख्येच्या डोक्यावर −१ असेल तर तिचा गुणाकार व्यस्त: ५ चा १/५. का? तर ५ आणि १/५ चा गुणाकार १ येतो आणि १ ने गुणून काहीच बदलत नाही. फलाच्या, म्हणजे फंक्शनच्या, डोक्यावर −१ असेल तेव्हा तिथे गुणाकार नसतो. एक फल चालवायचं, जे येईल त्यावर दुसरं चालवायचं, आणि शेवटी काहीच बदललेलं नसावं, क्ष चा क्ष परत यावा. मागची कल्पना एकच, क्रिया वेगळी. दिरांनी ३/४ चा ४/३ केला असता तर ते 'निघालेल्या उत्तराचं उलटं' झालं असतं. आपल्याला उत्तर उलटं करायचं नाही, आपल्याला ३ कडे परत जायचं आहे.

वरच्या इंजिनीअर मुलाने सूत्र दिलं ते बरोबर आहे. पण माझी विनंती आहे की सूत्र मुलाला आत्ताच देऊ नका. आधी त्याने हे गणित मराठीत म्हणून पाहावं. आपल्या भाषेत यासाठी तयार शब्द आहेत आणि ते इंग्रजी माध्यमात गेल्यावर टाकून द्यायचे नसतात. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. ५/४ म्हणजे सव्वा. ३/२ म्हणजे दीड. ३/४ म्हणजे पाऊण.

फ काय करतं? संख्येचे तीन भाग करतं, त्यातले दोन घेतं, मग सव्वा वजा करतं. परत कसं जायचं? शेवटी जे केलं ते आधी फिरवायचं. सव्वा वजा केला होता, तर सव्वा मिळवा. मग दोन-तृतीयांश केलं होतं, तर दीडपट करा.

सव्वा मिळवा, दीडपट करा. हे झालं व्यस्त फल, म्हणजेच इन्व्हर्स. लिहायचं तर (३/२)(क्ष + ५/४). कंस सोडवला की गाईडचं उत्तर.

पाऊण टाकून पाहा. पाऊण आणि सव्वा दोन. दोनची दीडपट तीन. कागदसुद्धा लागला नाही.

क्रम मात्र उलटा पाहिजे. आधी दीडपट करून मग सव्वा मिळवला तर पाऊणचे एक आणि आठवा भाग, म्हणजे ९/८, आणि त्यात सव्वा मिळवून १९/८. तीन येत नाहीत. मुलं क्रिया बरोबर उलटवतात आणि क्रम तसाच ठेवतात, ही दुसरी नेहमीची चूक.

राहिली अदलाबदल. तुम्ही गप्प बसलात याचं वाईट वाटून घेऊ नका, हा प्रश्न मला वर्गात फार थोड्या मुलांनी विचारला. तुमच्या मुलाने विचारला, याचा मला आनंद झाला.

खरं काम अदलाबदलीत नाहीच. य = (२/३)क्ष − ५/४ हे एकच नातं आहे. क्ष माहीत असेल तर त्यावरून य मिळतो. मला उलट हवं आहे: य माहीत आहे, क्ष किती होता? तर याच समीकरणातून क्ष एकटा काढायचा: क्ष = (३/२)(य + ५/४). इथे व्यस्त फल हाती आलं. त्यानंतर, आत जाणाऱ्या संख्येला क्ष म्हणायची आपली रीत आहे म्हणून य चं नाव बदलून क्ष लिहायचं, इतकंच. कोणी नाव आधी बदलतं, कोणी शेवटी. मी शेवटी बदलायला शिकवायचो, म्हणजे मुलाला आपण काय करतो आहोत ते दिसत राहतं.

आणि जिथे अक्षरांना अर्थ असतो तिथे अदलाबदल करायचीच नसते. पेपरमध्ये नागपूरचं तापमान सेल्सिअसमध्ये येतं, घरातला ताप आपण फॅरनहाइटमध्ये मोजतो. फॅ = (९/५)से + ३२. मे महिन्यातले आपले ४५ अंश म्हणजे ८१ अधिक ३२, ११३ फॅरनहाइट. उलट जायचं तर से = (५/९)(फॅ − ३२). १०४ ताप असेल तर ७२ चे पाच-नवमांश, ४० सेल्सिअस. इथे से आणि फॅ ची अदलाबदल केली तर फॅरनहाइटला सेल्सिअस म्हटल्यासारखं होईल. हेही सरळ रेषेचं, अपूर्णांकाचं फल आणि त्याचं व्यस्त फलच आहे. मुलाने ते नववीत कधीतरी वापरलेलं असणार, फक्त तेव्हा त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

---

गांधीबाग_ठोक_कापड (सकाळी १०:०५)

मास्तरांचं वाचून राहवलं नाही. गणिताचं पुस्तक मी कित्येक वर्षांत उघडलं नाही, पण तुमचा हा इन्व्हर्स आमच्या गल्ल्यावर रोज चालतो.

मी नवीन नवीन दुकानात बसायला लागलो तेव्हाची गोष्ट. काही मालावर आम्ही खरेदीच्या किमतीवर चौथाई चढवून भाव लिहायचो. एका गिऱ्हाइकाला वडिलांनी सांगितलं, याला खरेदीच्या भावात देऊन टाक. चिठ्ठीवर ६०० लिहिलं होतं. मी ६०० ची चौथाई १५० काढली आणि ४५० ला थान देऊन मोकळा झालो. खरेदी ४८० ची होती. ४८० ची चौथाई १२०, म्हणून ६०० झाले होते. तीस रुपये गेले. वडील रागावले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला गादीवर बसवलं आणि म्हणाले, "चौथाई चढवली असेल तर पाचवा हिस्सा उतरवायचा. तिसरा चढवला तर चौथा उतरवायचा." ६०० चा पाचवा १२०. बरोब्बर ४८०.

का ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. आज मास्तरांचं वाचून कळलं. सव्वापट म्हणजे ५/४, त्याचं उलट ४/५, आणि ४/५ म्हणजे पाचवा हिस्सा कमी. मास्तर, हे बरोबर आहे ना?

---

निवृत्त_मास्तर_महाल (सकाळी ११:४०)

अगदी बरोबर, भाऊ. आणि तुमच्या वडिलांनी सांगितला तो नियम फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, उलट्या क्रियेचा नियम दिला आहे: भागाकाराच्या जागी गुणाकार करा, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी मूळ, मुळाच्या जागी वर्ग, वजाच्या जागी अधिक, अधिकच्या जागी वजा. त्याला जोडूनच तुमचा नियम येतो. संख्येत तिचाच एखादा अंश मिळवलेला असेल तर परत जाताना अंश तोच ठेवायचा आणि छेदात अंश मिळवायचा. अंश वजा केलेला असेल तर छेदातून अंश वजा करायचा. १/४ चढवला, तर ४ अधिक १, म्हणून १/५ उतरवा. त्याच्याही आधी आर्यभटाने ४९९ मध्ये एका श्लोकात गुणक आणि भाजक, अधिक आणि वजा यांची उलटापालट सांगितली आहे.

आता हा नियम ताईंच्या गणिताला लावा. दोन-तृतीयांश करणे म्हणजे संख्येचा तिसरा हिस्सा कमी करणे. छेद ३ मधून अंश १ वजा, राहिले २. म्हणजे परत जाताना अर्धा हिस्सा चढवायचा. अर्धा चढवला म्हणजे दीडपट. गाईडमधला ३/२ तुमच्या वडिलांच्या हिशेबानेही तोच आला.

हे लिहिताना मला फार बरं वाटलं. ही दोन वाटांनी आलेली एकच गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती, तुमच्या थानामुळे आज सुचली.

---

टेलरताई_मानेवाडा (रात्री १०:५०)

सर, भाऊ, आणि बजाजनगरचा पोरगा, तिघांचेही मनापासून आभार. दिवसभर हुक लावता लावता मधे मधे वाचत होते.

सर, तुमचं 'शेवटी केलं ते आधी फिरवायचं' वाचलं तेव्हा माझ्या हातात एक ब्लाउज उसवायला होता. खांदा आम्ही आधी जोडतो, बाही नंतर लावतो. खांदा ढिला झाला असेल तर खांद्याची शिलाई थेट उसवता येत नाही, कारण तिच्यावरून बाहीची शिलाई गेलेली असते. आधी बाही काढायची, मगच खांदा सुटतो. नवीन शिकायला आलेल्या मुली सरळ खांद्यालाच कात्री लावतात आणि कापड फाडतात. मी त्यांना हे किती वेळा सांगितलं असेल, पण हेच गणितात आहे हे मला माहीत नव्हतं.

मुलाला मी तोच ब्लाउज दाखवला. मग माप दाखवलं. माझी पद्धत अशी आहे: छातीचा चौथा भाग, अधिक दीड इंच माया, म्हणजे जास्तीचं सोडलेलं कापड. छाती ३६ असेल तर ९ आणि दीड, कापडावर खूण साडेदहावर. काही बायका माप देत नाहीत, जुन्या ब्लाउजचा उसवलेला भाग टाकून जातात. तेव्हा मी उलट जाते: साडेदहातून दीडची माया काढली, राहिले ९, चौपट ३६. त्याला म्हटलं, आता तू आधी चौपट कर आणि मग माया काढ. साडेदहाची चौपट ४२, त्यातून दीड, साडेचाळीस. तो टेपकडे पाहत राहिला. म्हणाला, "आई, हा ब्लाउज तर कोणाच्याच अंगावर बसणार नाही." मग त्यानेच वहीत लिहिलं:

फ(क्ष) = क्ष/४ + ३/२
इन्व्हर्स: ४(क्ष − ३/२), म्हणजे ४क्ष − ६

आणि कंस सोडवल्यावर ६ कुठून आले ते पण त्याने मला सांगितलं: दीड इंचाच्या मायेचे चार भाग. चार भागांची मिळून सहा इंच माया. सर, हे तर मी कापड मागवताना कित्येक वर्षांपासून धरते.

क्ष च्या खाली १ लिहायला त्याला सांगितलं, आता तो लिहितो. बाराने गुणायचं का, हे मला विचारत नाही. दिरांनी पण तुमचं उत्तर दोनदा वाचलं. म्हणाले, डोक्यावरचा −१ मी आजवर एकच समजत होतो.

आता पुढचं उदाहरण, आणि इथे परत अडलो.

फ(क्ष) = ७/२ − (३/४)क्ष

मुलाने य पासून क्ष काढला, नाव शेवटी बदललं, तुम्ही सांगितलं तसंच. उत्तर आलं १४/३ − (४/३)क्ष. परीक्षा घ्यायला त्याने २ टाकले: साडेतीनातून दीड गेले, २ च आले. इन्व्हर्समध्ये २ टाकले, परत २ च. बरोबर आहे म्हणायचं की नाही? दोन टाकून दोनच येतात, तर परीक्षा झाली कशाची? त्याला खात्री वाटून नाही राहिली आणि मलाही.

---

बजाजनगर_रूम_१४ (रात्री ११:१५)

काकू, उत्तर बरोबर आहे. पण त्याची शंकाही बरोबर आहे. २ हा इथे तोच बिंदू आहे जिथे रेषा य = क्ष ला भेटते. मागच्या गणितात तो −१५/४ होता. तिथे आत आणि बाहेर एकच संख्या असते, त्यामुळे इन्व्हर्स न काढता मूळ फंक्शनच पुन्हा लिहिलं असतं तरी ही परीक्षा पास झाली असती. दुसरी संख्या घ्या.

---

निवृत्त_मास्तर_महाल (सकाळी ६:१०)

मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. उत्तर जुळूनही शंका घेतली, हे मला उत्तरापेक्षा मोठं वाटतं.

वरच्या मुलाने कारण बरोबर सांगितलं. मी एवढंच जोडतो: सरळ रेषा दोन बिंदूंनी ठरते. म्हणून अशा फलात दोन वेगवेगळ्या संख्या आत टाकून दोन्ही परत आल्या, आणि उत्तरही अशाच सरळ रेषेच्या रूपात असलं, तर काम पक्कं झालं. तिसरी घ्यायची गरज नाही. संख्या निवडताना छेद कटेल अशी घ्यावी. इथे छेद ४ आहे, तर ४ घ्या. दुसरी ० घ्या, ती नेहमीच सोपी.

आणि क्ष चा सहगुणक ऋण आहे म्हणून घाबरू नका. साडेतीनातून वजा केलं आहे, तर परत जातानाही साडेतीनातूनच वजा करायचं, मग ३/४ ने भागायचं, म्हणजे ४/३ ने गुणायचं: (४/३)(७/२ − क्ष). बरीच मुलं इथे साडेतीन मिळवतात आणि चिन्ह चुकतं. त्याने ती चूक केलेली नाही.

---

टेलरताई_मानेवाडा (सकाळी ७:३०)

कॉलेजला निघायच्या आधी त्याने उभ्या उभ्याच केलं.

४ टाकले: साडेतीनातून ३ गेले, अर्धा. इन्व्हर्समध्ये अर्धा: साडेतीनातून अर्धा गेला, ३, त्याचे ४/३ म्हणजे ४.

० टाकलं: साडेतीन. इन्व्हर्समध्ये साडेतीन: साडेतीनातून साडेतीन गेले, ०.

दोन्ही परत आले. गाईड न उघडताच वहीत बरोबरची खूण करून गेला.